बुटक्याला दिलेलं आवतन

शाल्मली, दिवा जरा अलीकडं सरकव. हं, बस आता. वीज काही साडेआठपर्यंत यायची नाही. दुपारी तू विचारलंस ना, मागच्या शेडमध्ये तीन ट्रॅक्टर एका ओळीत उभे आणि चौथ्याची जागा रिकामी का बरं? साकेतला विचारशील तर तुझा नवरा नुसता हसेल. तो तेव्हा पुण्याला होता, त्यानं काही पाहिलं नाही. मी पाहिलं. म्हणून मीच सांगते, आणि एकदाच सांगते.

दोन हजार सहा सालची गोष्ट. पोळा दहा दिवसांवर आला होता. मी यांना वणीला पाठवलं होतं, माझा चष्मा आणायला. साधं काम! सकाळच्या एस.टी.नं जायचं, दुकानातून चष्मा घ्यायचा, येताना वेलची-जायफळ घ्यायचं, दुपारच्या एस.टी.नं मारेगावला परत. संध्याकाळी पाच वाजता आपल्या फाटकापुढं एक मेटॅडोर येऊन थांबली. ड्रायव्हरच्या शेजारी हे बसलेले, नवरदेवासारखे. मागं दोरखंडानं बांधलेला एक ट्रॅक्टर. चष्मा दुकानातच विसरून आले होते.

मी काय बोलले असेन ते तू समजून घे. पण उपयोग काय? तुझे सासरे तहसील कचेरीत तीस वर्षं अव्वल कारकून होते. फायली हातावेगळ्या केल्या आणि डोकं मात्र सगळं या यंत्रांत. माणसं निवृत्त झाल्यावर तीर्थयात्रा करतात, यांनी टिनाचं शेड बांधलं. मोठे ट्रॅक्टर नाही हं. बागेतले, बुटके. पूर्वी संत्र्यावाल्यांकडं असायचे ते, झाडाखालून जाणारे, एका सिलिंडरचे, हँडल मारून चालू व्हायचे. आता त्यांना कोणी विचारत नाही, पार्ट मिळत नाहीत. हे कुठून कुठून शोधून आणायचे, सगळं खोलायचे, रॉकेलमध्ये धुवायचे, वर्षभर घासत बसायचे. तीन तर आधीच होते. मला साड्यांचे प्रकार ओळखू येत नाहीत, पण नोझल आणि गव्हर्नर अंधारात हातानं ओळखून देईन.

हसू नकोस. मला त्यात घेतलं होतं यांनी. या इंजिनाच्या डोक्यावर एक खटका असतो. तो उचलून धरला की आतला दाब सुटतो आणि हँडल हलकं फिरतं. हे पुढं उभे राहून हँडल मारायचे, मी बाजूला उभी राहून खटका धरायची. वेग आला की हे म्हणायचे, "सोड!" मी सोडायची, आणि धड्‌ धड्‌ धड्‌ करून इंजिन पेटायचं. चालू इंजिन बंद करायचं तरी तोच खटका, परत उचलला की संपलं. सहा-सात वर्षं आमचं असंच चाललं होतं. खरं सांगते, त्या 'सोड'ची मला गंमत वाटायची. आमच्या दोघांचं म्हणावं असं तेवढंच एक काम होतं.

फक्त वेळ चुकायला नको. वेग यायच्या आधी खटका सुटला तर हँडल उलटं मारतं, मनगट मोडतं. आणि कधी कधी, फार क्वचित, इंजिन उलटंच पेटतं. धूर सायलेन्सरमधून यायच्याऐवजी हवा ओढायच्या डब्यातून येतो, आणि सगळे गिअर उलटे होतात. पहिला टाकला की ट्रॅक्टर मागं जातो. हे मला यांनीच सांगितलं होतं. मी कधी पाहिलं नव्हतं.

तर हा चौथा बुटक्या. झरी जामणीकडचे एक शेतकरी, पुंडलिकराव, वणीला चष्म्याच्या दुकानात यांच्या शेजारी बसले होते. बोलता बोलता निघालं की त्यांच्या गोठ्यात असा ट्रॅक्टर नऊ वर्षांपासून तसाच पडून आहे. झालं! हे तिथूनच त्यांच्याबरोबर गेले. पुंडलिकराव म्हणाले म्हणे, घेऊन जा साहेब, माझ्या नजरेसमोर नको. काहून नको, ते यांनी विचारलं नाही. यांना आनंदात काही सुचतं का!

आठ दिवस हे शेडमधून जेवायला तेवढे घरात आले. पाण्याची झड लागली होती, टिनावर सारखा आवाज. एक मात्र मी पाहिलं. बाकीचे तीन ट्रॅक्टर होते त्यांच्याभोवती आपलं मांजर निजायचं, सीटवर चढायचं. या बुटक्याच्या बाजूला ते फिरकलं नाही. मी म्हटलं, नवीन वास असेल.

मग पोळ्याचा आदला दिवस आला.

तू पुण्याची, तुला माहीत नसेल. आपल्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद लावतात पळसाच्या पानानं, आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' दुसऱ्या दिवशी त्यांना पुरणपोळी चारल्याशिवाय घरचं कोणी जेवत नाही. आवतन म्हणजे आवतन. दिलं की पाळायचं. माझ्या माहेरी चार बैलजोड्या होत्या, मी लहानपणापासून हे केलेलं. इथं आल्यावर बैल कुठले! आणि त्या साली तर ज्यांच्याकडं होते त्यांचेही गेले होते. कापूस बुडून सगळा मुलूख कर्जात बसला होता. एवढ्या मोठ्या गावात पोळ्याला वीस जोड्या निघतील की नाही, अशी बोलणी चालली होती.

मी पळसाची पानं घेऊन उभी, तर हे म्हणाले, "रत्ना, आपले बैल हेच. दे यांना आवतन."

चेष्टेतच म्हणाले. मलाही बरं वाटलं. वाटी घेऊन मी शेडमध्ये गेले. पहिल्या ट्रॅक्टरच्या पत्र्याला तूप-हळद लावली, आवतन म्हटलं. दुसऱ्याला, तिसऱ्याला. थंडगार पत्रे, पावसाळी. मग बुटक्याकडं आले. पान टेकवलं आणि हात मागं घेतला. पत्रा ऊन होता. इंजिनसारखा तापलेला नाही हं… गाईच्या पाठीवर हात ठेवावा तसा. आणि त्याचं नोझल काढून यांनी वर्तमानपत्रावर ठेवलेलं, टाकीत डिझेलचा थेंब नव्हता.

तरी मी पान पुन्हा टेकवलं. तूप लावलं आणि म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

त्याचवेळी मागून कोणीतरी म्हणालं, "वयनी… हे काय केलं तुमी?"

माझा जीवच गेला. वळून पाहते तर पुंडलिकराव. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात एक हँडल. ट्रॅक्टरबरोबर हँडल द्यायचं राहिलं होतं, म्हणून ते द्यायला आले होते बिचारे, एवढ्या पावसात. हे दुकानात गेले होते, बोल्ट आणायला. मी म्हटलं, या, बसा, चहा टाकते. ते आत येईनात. शेडच्या पन्हाळीखाली उभे, पाणी डोक्यावर पडून राहिलं आणि त्यांचं लक्ष नाही.

"आवतन देल्लं का त्याले?"

"दिलं. गंमत म्हणून… का हो?"

"चुकलं माहं. मीच सांगाले पायजे होतं साहेबाले."

मग त्यांनी सांगितलं. हा ट्रॅक्टर त्यांच्या मोठ्या भावाचा, बबनरावांचा. भाऊ हँडल मारायचा आणि त्याची बायको, विजयमाला, खटका धरायची. आमच्यासारखंच. नऊ वर्षांआधी त्यांनी बैल विकले आणि त्या साली पोळ्याला विजयमालानं ट्रॅक्टरलाच आवतन दिलं. दुसऱ्या दिवशी पुरणाचा सैपाक चुलीवर होता. ताट वाढायच्या आधी भाऊ म्हणाला, चालू तर करून पाहू. चालू केला. ती खटका सोडून मागं गेली, ट्रॉलीचा पिन लावायला. भाऊ सीटवर बसला आणि पहिला गिअर टाकला.

"उलटा पेटला होता, वयनी. कोनाच्या ध्यानातच नाही आलं. मांगं गोठ्याची भित. तिले आवाज करालेही टाइम नाही भेटला."

मी वाटी खाली ठेवली.

"आनि भाऊ?" त्यांच्या बोलण्यानं मीही तसंच विचारलं.

"थ्यो जेवलाच नाही त्या दिवसापासून धड. ताटावर बसे आन उठून जाये. दिवाळीच्या आंधी घरातून गेला. कोनी म्हने आदिलाबादकडं दिसला, कोनी काही म्हने. आमाले काही गवसला नाही." मग म्हणाले, "वयनी, आता आवतन देल्लंच हाय, तर एक करजा. उद्या आंधी ताट वाढजा त्याच्यापुढं. मंगच हात लावजा. ताट वाढल्याबिगर चालू नोका करू. साहेबालेही सांगजा."

चहा न घेताच गेले ते.

हे आल्यावर मी सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं, वाईटही वाटलं यांना. पण मग म्हणाले, "अगं, दुःख आहे ते त्यांचं. यंत्राला काय कळतं? हा डिझेल पितो, पुरणपोळी खात नाही." मी चिडले. म्हटलं, उद्या ताट वाढल्याशिवाय हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. "बरं बाई, बरं!" म्हणाले. तीस वर्षं साहेबांना असंच 'बरं' म्हणून आपल्याच मनाचं करत आले होते, मला कळायला नको होतं का!

पोळ्याच्या दिवशी पाऊस उघडला, पण आभाळ गच्च. वीज सकाळपासून नव्हती. दुपारी दोननंतर सगळं गाव पोळ्याच्या मैदानाकडं गेलं. आपल्या गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. लांबून डफड्याचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मी चुलीपाशी. गॅस संपला होता म्हणून अंगणातली चूल पेटवली होती, लाकडं ओली, धूर डोळ्यांत. पुरण शिजायला वेळ लागला. पहिली पोळी तव्यावर पडली तेव्हा तीन वाजून गेले असतील.

शेडमधून यांचा आवाज आला, "रत्ना, ये गं. खटका धर."

मी ओरडले, "ताट व्हायचंय अजून! थांबा म्हटलं ना!"

"पाच वाजता मैदानातलं तोरण तुटतं, पोळा फुटतो. त्याच्या आत याला तोरणाखाली न्यायचाय. एकदा नुसता पेटतो का पाहू दे. तू नाही आलीस तर खटक्याला सुतळी बांधून एकटाच मारतो."

आता सांग, काय करणार होते मी? एकट्यानं हँडल मारायचं म्हणजे हात मोडून घ्यायचा धंदा. पासष्ट वर्षांचा माणूस. मी पोळी उलथली, तवा खाली उतरवला आणि पुरणाचे हात तसेच घेऊन धावले. थांबवायला म्हणूनच गेले होते. पण तिथं जाऊन पाहते तर यांनी खरंच सुतळी बांधली होती. मग मी सुतळी तोडून फेकली आणि खटका धरला. म्हटलं, एकदा. एकदाच, आणि मग ताट. चूक झाली ती इथंच, दुसऱ्या कोणावर मी घालत नाही.

शेड तू पाहिलंस. बुटक्या भिंतीकडं पाठ करून उभा होता, तोंड अंगणाकडं. मागं विटांची भिंत, मधे माणूस उभा राहील एवढी जागा. एका बाजूला दुसरा ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला ऑइलचे ड्रम. हे पुढं, हँडल लावून. मी इंजिनाच्या बाजूला. सीट माझ्या पाठीमागं, उजवीकडं. आत अंधारल्यासारखं झालं होतं. डिझेलचा वास, आणि तुपाचा. कालचं तूप पत्र्यावर अजून ओलं होतं. रात्रभरात ते थिजायला पाहिजे होतं.

यांनी हँडल फिरवलं. एकदा, दोनदा. घर्र… घर्र… वेग यायला वेळ होता, हे मला हाताला कळत होतं.

"सोड."

मी सोडला. सवयीचा हात तो. आवाज पुरुषाचा होता, घोगरा, म्हणून तर सोडला. पण सुटल्यावर लक्षात आलं… आवाज पुढून आला नव्हता. माझ्या पाठीमागून आला होता.

हँडलनं उलटं मारलं. हे 'आई गं' करून मागं पडले, मनगट धरून. आणि इंजिन पेटलं. धड्‌… धड्‌… धड्‌. चाल विचित्र होती त्याची, लंगड्या माणसानं जिना उतरावा तशी. मी सायलेन्सरकडं पाहिलं. धूर नाही. हवेच्या डब्यातून काळा धूर येऊन राहिला होता, माझ्याच तोंडावर.

"अहो, उलटं… उलटं पेटलं!"

"कळलं, कळलं! खटका उचल!"

मी उचलायला गेले. तो उचलेना. दोन्ही हातांनी ओढला. रोज एका बोटानं उचलायचे तो खटका, दगडासारखा बसला होता.

"वाकला असेल पिन," हे म्हणाले, "थांब, डिझेलचा कॉक बंद करतो." आणि ड्रमच्या बाजूनं अंग चोरत मागं गेले. कॉक सीटच्या खाली मागच्या अंगाला होता. मला ओरडायचं होतं, मागं जाऊ नका म्हणून. कालपासून मला तेवढंच माहीत होतं, मागं जायचं नाही. पण इंजिनाच्या आवाजात माझाच आवाज मला ऐकू येईना.

मग सीटच्या स्प्रिंगचा आवाज आला. कर्र. मी वळून पाहिलं. सीट खाली दबली, शाल्मली. कोणी नव्हतं तिच्यावर. जाड माणूस बसल्यावर दबते तेवढी दबली आणि तशीच राहिली. आपल्या डोळ्यांनी पाहिलं मी, आणि चष्मा होता हं तेव्हा डोळ्यांवर, ट्रॅक्टर आला त्याच्या दुसऱ्या दिवशीच वणीहून आणवला होता. मग खाली क्लचचं पायडल हळूहळू आत गेलं. गिअरचा दांडा हलला. घाई नाही, काही नाही. रोजचं काम करावं तसा तो सरकला आणि पहिल्यात बसला.

हे मागं वाकलेले, डोकं सीटच्या खाली. यांना काहीच दिसत नव्हतं.

पायडल वर यायला लागलं…

ट्रॅक्टर मागं सरकला. एक बोट. दोन बोटं. हे एकदम सरळ उभे झाले. "रत्ना! अगं!" इकडं ट्रॅक्टर, तिकडं ड्रम, पाठीशी भिंत. मागचा लोखंडी हूक यांच्या पोटापर्यंत आला. यांचा चेहरा मी आजही विसरले नाही. एवढा शहाणा माणूस, पण त्या वेळी लहान पोरासारखा माझ्याकडं पाहून राहिला होता, की ही काहीतरी करील.

काय करणार होते मी? हातात तो मेला खटका. ओढून ओढून बोटांची सालं निघाली. मग तोंडातून निघालं, ते माझ्या मनात आलंही नव्हतं. मी ओरडले, "विजयमालाबाई! ताट होऊन राहिलंय हो… चुकलं माझं. आवतन दिलंय ना मी? मग आधी जेवा! आधी जेवा, बाई, यांना सोडा…"

आणि खटका हातात आला. पिसासारखा. इंजिन दोन धक्के देऊन बंद पडलं. कानात नुसती शांतता, आणि लांबून ते डफडं. सीट मात्र लगेच वर आली नाही. थोड्या वेळानं आली.

मी धावत चुलीपाशी गेले. कच्ची-पक्की जशी होती तशी ती पोळी, वर तूप, बाजूला भात-कढी. धावताना कढी अर्धी अंगणात सांडली. ताट आणून बुटक्यापुढं ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. हे अजून भिंतीशीच उभे. मी ओढून बाहेर काढलं यांना. बाहेर आल्यावर हे रडले. मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं यांना रडताना. आणि मला एवढा राग आला होता, एवढा राग, की मी यांना धरून दोन-तीन चापटा मारल्या पाठीत आणि मग मीही रडले.

मनगटाचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी डॉक्टरकडं जाऊन प्लास्टर घातलं. परत येताना रिक्षात हे हळूच म्हणाले, "रत्ना, हूक पोटाला लागला होता. अजून बोटभर आला असता तर… मी मागं झालो. पाठीला भिंत लागायला पाहिजे होती गं."

"मग?"

"लागली नाही. काहीतरी मऊ लागलं."

मी म्हटलं, काही बोलू नका, पडा गप.

मी त्या रात्रीच ठरवलं की हा बुटक्या माझ्या दारात नको. हे म्हणाले, पुंडलिकरावांना विचारू. मी म्हटलं, कोणाला विचारायचं नाही. तिसऱ्या दिवशी भंगारवाला बोलावला. त्यानं अंगणातच गॅसनं कापला त्याला. हे खिडकीतून पाहत होते. इंजिन वेगळं, चाकं वेगळी, पत्रा वेगळा. सीट कापून ठेवली तेव्हा मीच जाऊन गाडीत फेकली. माल कुठं नागपूरकडं वितळायला गेला. मी देवापुढं दिवा लावला. म्हटलं, बाई जेवली, गेली, सुटली बिचारी.

पाचव्या दिवशी कपडे भिजवायला काढले. पोळ्याच्या दिवशी यांच्या अंगात होता तो पांढरा सदरा, प्लास्टर घालायला काढला तसा कोपऱ्यात पडला होता. झटकला. पाठीवर पिवळे डाग. मला आधी वाटलं, माझ्याच हाताचं पुरण, मी चापटा मारल्या होत्या ना. मग दाराच्या उजेडात नेऊन नीट पाहिलं. हळद होती ती, तुपातली. दोन पूर्ण पंजे, खांद्यांच्या खाली शेजारी शेजारी टेकवलेले, बोटं वर. लहान हात, माझ्यापेक्षा लहान. मनगटाच्या जागी बांगड्यांच्या बारीक रेघासुद्धा उमटल्या होत्या. यांच्या आणि भिंतीच्या मधे उभं राहून कोणी यांना भिंतीवर चेंगरू न देता दोन्ही हातांनी सावरून धरावं, तसे.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. तिला किती बोल लावले होते मी मनातल्या मनात! आणि ती तर मागं उभी होती. स्वतःच्या त्याच जागी. दोन्ही हात तिचे तिकडंच होते.

मग मला आठवलं ते सीटचं दबणं. तो घोगरा आवाज.

तशीच उठले आणि कोपऱ्यावरच्या पी.सी.ओ.वरून पुंडलिकरावांच्या गावच्या दुकानात फोन लावला. त्यांना बोलावून आणायला अर्धा तास गेला, मी तिथंच उभी. त्यांना सांगितलं सगळं. तारेवर नुसती खरखर. मग म्हणाले, "वयनी, ताट कितीक वाढले होते?"

"एक."

"मंग भाऊ गेला म्हना आमचा… आमी उगाच वाट पाहून राह्यलो होतो." पुढं म्हणाले, "त्यानंही आवतन घेतलं असन, वयनी. थ्यो उपाशी हाय. त्याच्या ट्रॅक्टरपुढं अजून एक ताट वाढा, बस. दुसरीकडं नाही घेनार थ्यो. ट्रॅक्टर हाय ना तुमच्याकडं?"

मी फोन ठेवून दिला. काय सांगणार होते त्यांना? ट्रॅक्टर तर मीच घाई करून कापायला लावला होता. बबनराव उपाशी राहिले ते राहिलेच, म्हणून त्या जागी दुसरं काही उभं करू दिलं नाही मी.